स्पॉन्सरशिपची फाईल लागलेली असताना कॅनडात जोडीदाराकडे जाणं, राहणं आणि मधेच भारतात येणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न लागतं, पूजा-गोंधळ होतात, सुट्टी संपते आणि दोघांतला एक कॅनडाला परत जातो. तो स्पॉन्सर होतो, म्हणजे हमी घेतो, आणि मागे राहिलेल्याच्या नावाने पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीची, फाईल लागते. तिथून पुढे वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, नुसती वाट पाहायची. या काळात भेटायला जावं का, गेलं तर किती राहावं, घरी कुणी आजारी पडलं तर परत येता येईल का, हे प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. मीही या रांगेत होते. नाशिकहून ऑन्टारिओला व्हिजिटर म्हणून आले आणि पीआर हातात पडेपर्यंत व्हिजिटरच राहिले. अर्धवट माहितीमुळे किती त्रास होतो ते सोसलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही. फी आणि मुदती बदलतात, त्या अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

फाईल लागलेली असताना व्हिजिटर व्हिसा मागितला तर फाईल बिघडते का?

नाही. याहून जास्त पसरलेला गैरसमज मी पाहिलेला नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय, की एखाद्याला पुढे कायमचं स्थायिक व्हायचं आहे एवढ्याच कारणाने त्याला तात्पुरतं येण्यापासून अडवता येत नाही. अट एकच: दिलेली मुदत संपली की हा माणूस परत जाईल, याची ऑफिसरला खात्री पटली पाहिजे. याला दुहेरी हेतू म्हणतात आणि तो गुन्हा नाही. मे २०२३ मध्ये तर कॅनडा सरकारने जाहीरच केलं, की स्पॉन्सरशिपची फाईल चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा वेगळ्या पद्धतीने आणि लवकर हाताळले जातील, कारण नवराबायको वर्षानुवर्षं वेगळे राहू नयेत.

फाईल बिघडते ती लपवल्याने. आमच्या गावातल्या एका एजंटने मला सांगितलं होतं, "फॉर्मवर अविवाहित लिहा, नवरा तिकडे आहे म्हटलं की व्हिसा देत नाहीत." त्याच कार्यालयात महिनाभरापूर्वी माझी लग्नाची कागदपत्रं स्कॅन झाली होती! मी तेव्हा त्याचं ऐकलं असतं, तर एकाच खात्याकडे माझे दोन अर्ज असते, एकात विवाहित आणि एकात अविवाहित. कलम ४० खाली खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला की ५ वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि त्या ५ वर्षांत पीआरचा अर्जही करता येत नाही. फॉर्ममध्ये वैवाहिक स्थिती, जोडीदाराचं नाव, त्याचा पत्ता, पीआरचा अर्ज केला आहे का, सगळं खरं लिहा.

मग व्हिसा रिजेक्ट का होतात?

बहुतेक वेळा एकाच कारणाने: "मुदतीअखेर परत जाल याची खात्री पटली नाही." म्हणून अर्जात नेमकं हेच पटवून द्यायचं असतं. फाईल मिळाल्याचं पत्र, म्हणजे एओआर, जोडा. विवाह नोंदणी दाखला जोडा. जोडीदाराच्या नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि राहत्या जागेचा कागद जोडा. तुमच्या बाजूने नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तसं, शेत-घर नावावर असेल तर त्याचा उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर.

सगळ्यात मोलाचं असतं ते जोडीदाराने लिहिलेलं पत्र. ते एका पानात बसवा. आमचं लग्न अमुक तारखेला झालं, फाईल अमुक तारखेला लागली, तिचा नंबर हा. ती अमुक महिन्यात येणार, इतके महिने राहणार, खर्च मी करणार. आणि पुढचं वाक्य गाळू नका: पीआरचा निर्णय मुदतीत झाला नाही तर आम्ही रीतसर मुदत वाढवून मागू, ती मिळाली नाही किंवा फाईल नाकारली गेली तर ती भारतात परत जाईल. हे लिहायला माझा हात अडखळला होता, अशुभ बोलल्यासारखं वाटलं. पण ऑफिसर नेमकं हेच शोधत असतो.

नकार आलाच तर तो व्हिसाचा नकार असतो, पीआरचा नाही. फाईल चालूच राहते. मात्र पुढच्या प्रत्येक फॉर्मवर "पूर्वी व्हिसा नाकारला होता का" याला "हो" लिहायचं. लगेच तोच अर्ज पुन्हा भरू नका. ऑफिसरने काय शेरा मारला ते आधी वाचा. जोडीदार पीआर किंवा नागरिक असल्याने तुमची लेखी संमती घेऊन तो माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करून ते शेरे मागवू शकतो. फी ५ डॉलर.

सासूबाईंना सुपर व्हिसा मिळाला, मला का नाही?

तो जास्त काळ राहू देणारा व्हिसा फक्त आईवडील आणि आजी-आजोबांसाठी आहे. जोडीदाराला नाही.

लग्नानंतर नाव बदललं आहे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. काय करू?

हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे आडनाव बदलतं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत ताटात तांदूळ पसरून अंगठीने स्वतःचं नवं नाव सुद्धा लिहितात. मग हौसेने आधार बदलतो, बँकेचं खातं बदलतं, आणि पासपोर्ट तसाच राहतो. आता एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावं.

कॅनडाच्या दृष्टीने पासपोर्टवर आहे तेच तुमचं नाव. आपल्या बऱ्याच पासपोर्टांवर नावाच्या रकान्यात मधलं नावही चिकटलेलं असतं, "स्नेहल संजय" असं. पीआरचा फॉर्म, व्हिसाचा फॉर्म, विमानाचं तिकीट, तिन्हीकडे तसंच्या तसं लिहा, मधलं नाव आपल्या मनाने गाळू नका. फॉर्मवर इतर नावांचा रकाना असतो, त्यात सासरचं नाव टाका. कायद्याने नाव बदलायची सक्ती कुठेच नाही. माझं मत विचाराल तर पीआर होईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका. मुदत संपत असेल म्हणून नवा करावाच लागला, तर त्याची प्रत सरकारी संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मने फाईलला लगेच जोडा. आणि जुन्या पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत बाकी असेल तर तो पासपोर्ट जपून ठेवा, प्रवासात दोन्ही बरोबर लागतात.

इनलँड आणि आउटलँड यात फरक काय? मी कॅनडात असले तर इनलँडच करावं लागतं का?

नाही, आणि हा निर्णय घाईत घेऊ नका. इनलँड म्हणजे कॅनडात जोडीदाराबरोबर एकाच घरात राहणाऱ्यांचा वर्ग. आउटलँड म्हणजे फॅमिली क्लास, ज्याची फाईल बाहेरच्या कार्यालयामार्फत चालू शकते. पण आउटलँडचा अर्ज करून तुम्ही कॅनडात व्हिजिटर म्हणून राहू शकता. नावावरून वाटतं तसं "बाहेरच राहिलं पाहिजे" असं काही नाही.

माझ्या लेखी महत्त्वाचे फरक दोन. आउटलँड फाईल नाकारली तर स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे अपील करता येतं. इनलँडला तो हक्क नाही, थेट फेडरल कोर्टाची परवानगी मागावी लागते. दुसरा फरक प्रवासाचा. इनलँडमध्ये तुम्ही कॅनडात एकत्र राहताय हीच पात्रता. तुम्ही बाहेर गेलात आणि सीमेवर परत घेतलं नाही, तर फाईलचा पायाच निघून जातो. आउटलँडवाला बाहेर अडकला तर फाईल चालत राहते. ज्यांचे आईवडील म्हातारे आहेत, वर्षात एखादी भारतवारी नक्की होणार आहे, त्यांना मी आउटलँडच सांगते. ज्याची कॅनडातली मुदत संपून गेली आहे आणि बाहेर पडलं तर परत येणं अवघड, त्याला इनलँडचा आधार जास्त.

आणि हो, एकदा लावलेली फाईल नुसत्या विनंतीवरून एका वर्गातून दुसऱ्यात जात नाही. मागे घ्यायची आणि नव्याने लावायची.

क्युबेकमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथे प्रांताची वेगळी परवानगी आणि वेगळी हमी लागते आणि वेळही जास्त जातो. इथलं सगळं जसंच्या तसं त्यांना लागू धरू नका.

विमानतळावर काय विचारतात? काय सांगायचं?

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही, किती दिवस, हे सीमेवरचा ऑफिसर ठरवतो.

माझा प्रसंग सांगते. टोरंटोला उतरले तेव्हा मला बाजूच्या खोलीत पाठवलं. बॅग उघडली. वर पुरणयंत्र, त्याखाली आईने दोनदा बांधलेला गोडा मसाला, सगळ्यात खाली माझ्या डिग्रीच्या मूळ प्रती. ऑफिसरने प्रतींवर बोट ठेवून विचारलं, "भेटायला आलीस की राहायला?" पोटात गोळा आला. तरी जे खरं ते सांगितलं: नवऱ्याने स्पॉन्सर केलं आहे, फाईल चालू आहे, तोवर त्याच्याबरोबर राहायला आले आहे, मुदत संपायच्या आत वाढवून मागेन, नाही मिळाली तर परत जाईन. एओआर आणि परतीचं तिकीट पुढे केलं. त्याने एओआर दोनदा वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, तारीख विसरू नकोस.

तेव्हा हाताशी ठेवायचे कागद: एओआर, विवाह दाखला, नवऱ्याचं पत्र आणि त्याच्या पीआर कार्डाची किंवा नागरिकत्वाची प्रत, परतीचं तिकीट, थोडे पैसे आणि विम्याचा कागद. छापलेले ठेवा, फोनची बॅटरी बरोबर त्याच वेळी जाते. खाण्याचे पदार्थ फॉर्मवर किंवा मशीनवर जाहीर करा. मसाल्याने कुणी परत पाठवत नाही, लपवल्याने दंड होतो. विचारतील तेवढंच बोला, पण बोलाल ते खरं बोला. "मैत्रिणीकडे फिरायला आले" असं सांगून नवरा बाहेर फुलं घेऊन उभा, अशी वेळ स्वतःवर आणू नका.

व्हिसा २०३३ पर्यंतचा आहे. म्हणजे तोपर्यंत राहता येईल ना?

नाही! कृपया हे दोनदा वाचा. व्हिसावरची तारीख ही *आत येण्याची* शेवटची तारीख आहे. *राहण्याची* मुदत वेगळी: ऑफिसरने पासपोर्टवर हाताने तारीख लिहिली असेल किंवा व्हिजिटर रेकॉर्डचा कागद दिला असेल तर ती, आणि नुसता शिक्का असेल किंवा शिक्काच नसेल तर आल्या दिवसापासून ६ महिने. हल्ली मशीनवरून बाहेर पडणाऱ्यांना शिक्का मिळतोच असं नाही. बोर्डिंग पास जपून ठेवा, आल्याची तारीख तोच सांगतो.

उलटही खरं आहे. व्हिसाची मुदत तुम्ही कॅनडात असताना संपली तर घाबरू नका. राहण्याची मुदत बाकी आहे तोवर तुम्ही कायदेशीर आहात. फक्त बाहेर गेलात तर परत यायला नवा व्हिसा लागेल.

आणखी एक फास यात असतो. राहण्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत. पासपोर्ट ४ महिन्यांत संपणार असेल तर मुदतही तेवढीच मिळू शकते. भारतातून निघण्यापूर्वी पासपोर्ट नवा करून घेणं सोपं. कॅनडात गेल्यावर भारतीय दूतावासाच्या वतीने काम करणाऱ्या बीएलएस या कंपनीमार्फत करावा लागतो आणि वेळ जातो.

६ महिने संपत आले, फाईल अजून तशीच आहे. आता?

मुदत वाढवून मागा. अर्ज ऑनलाईन होतो, फॉर्मचा क्रमांक आयएमएम ५७०८, फी १०० डॉलर. मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी करा असं सरकार सांगतं. मी ४५ दिवस आधी बसते, कारण पैसे भरताना काही ना काही अडतंच. मंजूर झालं की व्हिजिटर रेकॉर्ड नावाचा कागद मिळतो, त्यावर नवी तारीख.

समजा तुम्ही ५ मार्चला आलात. ५ सप्टेंबरच्या आत अर्ज गेला पाहिजे. गेला आणि उत्तर नोव्हेंबरपर्यंत आलंच नाही, तर मधल्या काळात तुम्ही बेकायदा नाही. याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात, निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर कॅनडात राहता येतं. अर्ज केल्याची पावती छापून ठेवा. सासरच्यांनी विचारलं, "मुदत संपली तरी कशी राहतेस?" की ती दाखवायला बरी पडते.

लोक चुकतात ती जागा ही: पीआरची फाईल लागली म्हणजे मुदत आपोआप वाढते, असं धरून बसतात. फाईल तुम्हाला राहायची परवानगी देत नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एका कार्यालयात असल्या तरी एकीची दुसरीला खबर नसते असंच समजून वागा.

तारीख विसरले. मुदत संपून महिना झाला.

मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्याची फी जास्त आणि मंजुरीची हमी नाही, पण दार उघडं आहे. आजच करा.

९० दिवसही उलटून गेले असतील तर? इनलँड फाईलसाठी २००५ पासून एक धोरण आहे: लग्न खरं असेल आणि दोघं एकत्र राहत असाल, तर केवळ मुदत संपली म्हणून फाईल नाकारत नाहीत. पण मध्यंतरी काही संरक्षण उरत नाही, बाहेर पडलात तर परत येणं फार कठीण. अशा वेळी परवानाधारक सल्लागार किंवा वकील गाठा. परवाना आहे का ते सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या (तिला तिथे "कॉलेज" म्हणतात) यादीत नाव शोधून पाहता येतं.

मधेच भारतात जावं लागलं तर?

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी आउटलँड होते. व्हिसा बहुप्रवेशाचा, चार वर्षं बाकी. त्या थंडीत माझी आजी गेली. तिनेच मला वाढवलं. ओळखीतल्या एका सल्ला देणाऱ्याने ठामपणे सांगितलं, "बाहेर पाऊल टाकलंस की फाईल रद्द." मी गेले नाही. दहाव्याला काकांनी फोन गोदावरीच्या घाटावर उभा धरला होता, वाऱ्याने आवाज तुटत होता, आणि इथे पहाटेचे तीन वाजले होते. पिंडाला कावळा शिवला की नाही तेही मला दिसलं नाही. तीन महिन्यांनी नियम स्वतः वाचले तेव्हा कळलं, मी जाऊ शकत होते. फाईलला काही झालं नसतं. म्हणून कृपा करून कुणाच्या "मला वाटतं"वर हा निर्णय घेऊ नका.

नियम असा आहे. फाईल चालू असताना देश सोडायला बंदी नाही, इनलँडलाही नाही. प्रश्न जाण्याचा नसतो, परत येण्याचा असतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

पासपोर्टमधल्या व्हिसाची मुदत बाकी आहे का, आणि प्रवेशाच्या रकान्यात "मल्टिपल" लिहिलंय का? नोव्हेंबर २०२४ पासून बहुप्रवेशाचा लांब मुदतीचा व्हिसा सरसकट मिळत नाही, ते ऑफिसरवर आहे. एकच प्रवेश असेल आणि तो वापरून झाला असेल, तर भारतात गेल्यावर नवा व्हिसा काढावा लागेल, तो किती दिवसांत मिळेल हे तुमच्या हातात नाही.

व्हिजिटर रेकॉर्ड हा व्हिसा नाही. त्यावर पुढच्या मार्चची तारीख असली तरी तो दाखवून मुंबईहून विमानात बसता येत नाही. याच कागदाच्या भरवशावर सहार विमानतळावरच्या काऊंटरवरून परत फिरलेली मुलगी मी पाहिली आहे.

मुदतवाढीचा अर्ज चालू असताना गेलात तर मेंटेन्ड स्टेटस तिथेच संपतं. परत येताना सीमेवर नव्याने व्हिजिटर म्हणून प्रवेश मागायचा. प्रवेश मिळाला तर मुदत नव्याने मोजली जाते, बहुधा पुन्हा ६ महिने.

इनलँड असाल तर जाणं छोटं ठेवा, कारणाचे कागद बरोबर ठेवा, आणि परत येण्याचा व्हिसा पक्का असल्याशिवाय निघू नका. घर कॅनडातच आहे हे दिसलं पाहिजे: भाड्याचा करार, दोघांच्या नावाचं बिल, जोडीदाराचं पत्र.

तिकीट अमेरिकेतून जाणारं स्वस्त दिसतं. घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या थांब्यांचे नियमही देशागणिक वेगळे, कंपनीला विचारूनच घ्या.

नायगाऱ्याला अमेरिकेच्या बाजूला जाऊन आलं तर चालेल का?

अमेरिकेचा व्हिसा असेल तर चालतं. इथे एक सवलतही आहे: तुम्ही फक्त अमेरिकेत जाऊन, कॅनडातल्या राहण्याच्या मुदतीच्या आत परत आलात, तर कॅनडाचा व्हिसा संपलेला असला तरी परत प्रवेश मागता येतो. पण मेंटेन्ड स्टेटसवर असाल तर हा खेळ करू नका. धबधबा कॅनडाच्या बाजूनेच जास्त चांगला दिसतो.

व्हिजिटर असताना काम करता येतं का?

कॅनडातल्या कुणासाठीही नाही. रोख पैसे घेऊनही नाही. शेजारच्यांचं मूल सांभाळणं, वीकेंडला डबे विकणं, ओळखीच्याच्या दुकानात "मदत", हे सगळं कामच आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून चालू असेल, पगार भारतात जमा होत असेल आणि कॅनडातल्या कुणाशी व्यवहार नसेल, तर ते व्हिजिटर म्हणून चालतं.

खरा मार्ग म्हणजे ओपन वर्क परमिट, कुठल्याही एका मालकाशी न बांधलेली कामाची परवानगी. तुम्ही कॅनडात स्पॉन्सरच्याच पत्त्यावर राहत असाल आणि स्टेटस चालू असेल, तर फाईल मिळाल्याचं पत्र आल्यावर अर्ज करता येतो. २०२३ पासून हे आउटलँड फाईलवाल्यांनाही खुलं झालं. अर्ज ऑनलाईनच. पूर्वी लोक सीमेवर जाऊन फेरी मारून तिथल्या तिथे परमिट घ्यायचे, ती सोय २३ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. कुणी तसा सल्ला दिला तर त्याची माहिती जुनी आहे एवढं समजा. परमिट हातात येईपर्यंत काम सुरू करू नका, मेंटेन्ड स्टेटस व्हिजिटरला कामाचा हक्क देत नाही.

परमिट मिळालं तरी तो परत येण्याचा व्हिसा नाही, हे वर सांगितलेलं इथेही लागू.

शिकता येतं का?

६ महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा कोर्स परमिटशिवाय करता येतो. मी त्या काळात ग्रंथालयातल्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जायचे. तिथे भेटलेल्या बायका आजही माझ्या जवळच्या आहेत.

आजारी पडले तर?

आरोग्यसेवा प्रांताच्या हातात आहे. काही प्रांत फाईल एका टप्प्याला पोचल्यावर अर्जदार जोडीदाराला कार्ड देतात, काही देत नाहीत. तुमच्या प्रांताच्या कार्यालयात एओआर घेऊन जाऊन विचारा. तोवर विमा हवाच. पॉलिसी घेताना बाळंतपण आणि आधीपासूनचे आजार धरलेत का ते वाचा, बहुतेक धरलेले नसतात. दिवस गेले असतील आणि कार्ड नसेल, तर हॉस्पिटलचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं. बाळंतपण कुठे करायचं हा निर्णय त्या आकड्याकडे पाहून, शांतपणे, दोन्ही घरांना विश्वासात घेऊन घ्या.

मी यायच्या ऐवजी नवऱ्यानेच भारतात येऊन राहिलं तर?

तो नागरिक असेल तर भारतात राहूनही स्पॉन्सर करू शकतो. तुम्हाला पीआर मिळाल्यावर दोघं कॅनडात राहणार, हे दाखवावं लागतं. तो पीआर असेल तर मात्र त्याला कॅनडातच राहत असावं लागतं. दिवाळीला तीन आठवडे येणं वेगळं आणि आठ महिने तळ ठोकणं वेगळं. प्रेमापोटी नोकरी सोडून बसायला आलेल्या पीआर नवऱ्यांमुळे पात्रतेवरच प्रश्न उभा राहू शकतो.

मी कॅनडात असताना मेडिकल, बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो), पीसीसी (पोलिसांचा दाखला) मागितलं तर?

मेडिकल आणि बायोमेट्रिक तिथेच होतात. भारताची पीसीसी भारतीय दूतावासाकडून काढता येते. पत्ता बदलला असेल तर फाईलवर लगेच कळवा. आउटलँड फाईलमध्ये मुलाखतीला भारतात बोलावलं जाऊ शकतं, तेवढ्या तिकिटाचे पैसे बाजूला असू द्या.

पीआर मंजूर झाली! लगेच भारतात जाऊन सगळ्यांना भेटून येऊ का?

थांबा. कॅनडात असाल तर पोर्टलवर दोन टप्प्यांत खात्री करून घेतात, फोटो मागतात, आणि इलेक्ट्रॉनिक सीओपीआर, म्हणजे पीआर झाल्याचं पत्र, मिळतं. त्या दिवशी तुम्ही पीआर झालात. पण विमानात बसायला ते पत्र चालत नाही, पीआर कार्ड लागतं, आणि ते फक्त कॅनडातल्या पत्त्यावर पोस्टाने येतं. व्हिजिटर व्हिसाही आता तुमच्या कामाचा नाही. कार्ड यायच्या आत जावंच लागलं, तर परतताना भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करावा लागतो, त्यासाठी पासपोर्ट व्हीएफएसकडे, म्हणजे कॅनडासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राकडे, द्यावा लागतो, तोवर थांबणं आलं.

मंजुरी आली तेव्हा भारतात असाल तर पासपोर्ट मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएसमध्ये द्यायचा आणि कागदावर दिलेल्या मुदतीच्या आत कॅनडात उतरायचं. ही मुदत बहुतेकदा मेडिकलच्या तारखेला बांधलेली असते आणि सहसा वाढवून मिळत नाही. उतरताना ऑफिसरला "व्हिजिटर" नाही, "लँडिंग" (पीआर म्हणून पहिला प्रवेश) सांगायचं, आणि मागे राहिलेल्या सामानाची यादी त्याच वेळी द्यायची, म्हणजे पुढे आईकडची भांडी आणि दागिने आणताना अडत नाही. माझं कार्ड सातव्या आठवड्यात आलं. त्याच संध्याकाळी नाशिकचं तिकीट काढलं, आजीच्या वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधीचं.